मोकळा नको, एकटा नको: गाडीतल्या कुत्र्यांबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज एक ओळ लिहिली होती की कुत्र्याला गाडीत मांडीवर घेऊन बसू नका, आणि त्या एका ओळीवर एवढे मेल आले की मांजरांचे सगळे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत, मांजरवाल्यांनी रागावू नका. गणपती तोंडावर आलेत, अर्धं ठाणं कोकणात नाहीतर घाटावर निघायच्या तयारीत आहे, त्यामुळे विषय वेळेवर आलाय असंच म्हणायचं. नवीन वाचकांसाठी परत सांगते, मी डॉक्टर नाही. येऊरच्या पायथ्याशी ११ वर्षं कुत्र्यांचं बोर्डिंग चालवते आणि पिकअप-ड्रॉपची व्हॅन बऱ्याचदा स्वतःच हाणते, म्हणजे कुत्रे गाडीत काय काय उद्योग करतात ते मी आरशातून बघितलेलं आहे. औषधाचा विषय आला की आपापल्या डॉक्टरांना विचारायचं.

ताई, आमची बबली ५ किलोची शिह त्झू आहे. गाडीत ती कायम पुढे माझ्या मांडीवर असते, मिस्टर चालवतात. मागे ठेवली की रडून डोकं उठवते. मी स्वतः सीटबेल्ट लावते आणि तिला घट्ट धरते, मग नक्की धोका काय आहे? तुम्ही उगाच घाबरवता असं मिस्टरांचं म्हणणं आहे.
*एक वाचक, घोडबंदर रोड*

घट्ट धरता हे मान्य, पण धडक बसते तेव्हा धरायला वेळच मिळत नाही हो. मिस्टरांना एक साधा हिशोब दाखवा. गाडी ताशी ५० ने चाललीय आणि कशावर तरी आदळून जागच्या जागी थांबली, तर आत जे मोकळं आहे ते ५० च्याच वेगाने पुढे जात राहतं, आणि ५० म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीवर येताना जो वेग घेते तोच. म्हणजे तिसरा मजला. वेग दुप्पट झाला की ही उंची चौपट होते, त्यामुळे एक्स्प्रेसवेवर १०० ने जाताना हाच हिशोब तेराव्या मजल्यावर जातो. तुमच्या बिल्डिंगच्या खाली उभं राहून एकदा तेरावा मजला मोजा आणि मला सांगा तिथून येणारी ५ किलोची बबली कोण झेलणार आहे. कुत्रा मोठा असेल तर तो नुसता स्वतः मरत नाही, पुढे बसलेल्याच्या पाठीवर येऊन आदळतो, हे कोणी लक्षातच घेत नाही.

दुसरं म्हणजे एअरबॅग. ती सीटवर नीट बसलेल्या मोठ्या माणसाचा अंदाज घेऊन बनवलेली असते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते. तुमच्या आणि डॅशबोर्डच्या मधे त्या वेळी बबली असते. बाकी मी लिहीत नाही.

तर बबली मागे. एवढ्या छोट्या कुत्र्याला सगळ्यात बरं म्हणजे एक कडक प्लास्टिकचा कॅरियर, तो पुढच्या सीटच्या मागे खाली पाय ठेवायच्या जागेत गच्च बसतो का बघा, बसला तर उत्तम, तिथून तो कुठेही उडत नाही. नसेल बसत तर हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा. आणि इथे मी जरा वेळ घेणार आहे कारण नव्वद जण इथेच चुकतात. गळ्यातल्या पट्ट्याला सीटबेल्टची क्लिप लावायची नाही, कधीच नाही, ब्रेक लागला की सगळा झटका मानेवर. हार्नेस छातीवर रुंद आणि आत पॅडिंग असलेला हवा, ज्याला क्लिप पाठीवर लागते तो. दुकानात घ्यायच्या आधी उलटा करून शिलाई बघा, जिथे सगळा ताण येणार ती कडी लोखंडी आहे का प्लास्टिकची ते बघा, प्लास्टिकची असेल तर तो फिरायला न्यायचा हार्नेस आहे, गाडीचा नाही. अमेरिकेत सेंटर फॉर पेट सेफ्टी नावाची संस्था आहे, ते कुत्र्याच्या आकाराचे डमी बसवून हार्नेस अक्षरशः आपटून बघतात, तसा टेस्ट केलेला मिळाला आणि परवडला तर नक्की घ्या. घातल्यावर पट्टा आणि अंगाच्या मधे दोन बोटं जायला हवीत, तीन गेली तर सैल. गाडीला जोडायचा पट्टा आखूड ठेवा. कुत्र्याला बसता यावं, आडवं होता यावं, पण दोन सीटच्या मधून पुढे तोंड काढता येता कामा नये, एवढाच. मी काय करते, हार्नेस लावून झाला की स्वतः पुढे बसते आणि बिस्कीट दाखवते. नाक माझ्या कोपरापर्यंत पोचलं की पट्टा अजून दोन इंच आखूड.

रडण्याचं म्हणाल तर पहिले आठ-दहा दिवस तुम्हीच मागे तिच्या शेजारी बसा. मिस्टरांना पुढे एकटं बसू द्या, तेवढं चालतं.

सेडान आहे, डिकी मोठी आहे. लॅब डिकीत ठेवला तर चालेल का?
*ऐरोली*

नाही. बंद डिकीत हवा नाही, एसी नाही, आणि मागून कोणी ठोकलं तर पहिली चेपते ती डिकीच. एसयूव्हीच्या मागच्या उघड्या भागात क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजरा, पट्ट्यांनी आवळून ठेवला तर गोष्ट वेगळी. हॅचबॅकवाल्यांचे पण तीन मेल आहेत, पण आपल्याकडे निम्म्या हॅचबॅकमध्ये तिथे सीएनजीची टाकी बसलेली असते, तेव्हा तुम्ही सगळे मागची सीट आणि हार्नेस.

मॅडम, आम्ही १९८० च्या दशकात अल्सेशियन घेऊन जीपमधून महाबळेश्वरला जायचो. मागे मोकळा उभा राहायचा, वारा खायचा, आम्हाला काही झालं नाही आणि त्यालाही काही झालं नाही. हल्ली सगळ्याचं फारच स्तोम माजवलंय.
*एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा*

काका, नमस्कार. घाटात तेव्हा तुमची जीप कितीने जात असेल, ३०? आणि समोरून तासाभरात किती ट्रक? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे २००२ साली पूर्ण झाला, त्याच्या आधीचे रस्ते आणि आताचे रस्ते ह्यात कुत्रा तोच आहे, वेग बदललाय. माझ्या वडिलांच्या स्कूटरवर पण आम्ही चौघं बसायचो आणि आम्हालाही काही झालं नाही. ज्यांना झालं ते मेल पाठवत नाहीत ना.

कायद्याचंही विचारलंयत दुसऱ्या मेलमध्ये, तर सांगते. कुत्र्याला बेल्ट लावा असं मोटार वाहन कायद्यात लिहिलेलं नाही, पण १९८८ च्या त्याच कायद्याचं कलम १२५ म्हणतं की चालवणाऱ्याच्या कंट्रोलला अडथळा होईल असं कोणालाही बसवू नये किंवा काहीही ठेवू नये. ड्रायव्हरच्या मांडीवर कुत्रा आणि खिडकीत त्याचा हात टेकवून सेल्फी, हे त्यात बसतं. आणि १९६० चा प्राण्यांच्या छळाविरुद्धचा कायदा आहे, त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला त्रास होईल अशा पद्धतीने त्याची ने-आण करणं हा गुन्हा आहे. डिकीवाले ऐरोलीकर, तुम्हीही वाचा.

ताई, चिकू ५ महिन्यांचा आहे, इंडी म्हणजे आपला देशी. खारघरहून पनवेलला डॉक्टरकडे नेतो तेवढ्यात दोनदा उलटी. आता तर गाडी दिसली की खाली बसूनच घेतो, उचलून टाकावा लागतो. दिवाळीत नाशिकला आजीकडे जायचंय, कसं होणार? एका मित्राने झोपेची गोळी दे म्हणून सांगितलंय.
*एक वाचक, खारघर*

मित्राला सांग आधी स्वतः खा आणि मग घाटात उभा राहून दाखव. गुंगीत असलेल्या कुत्र्याला तोल सांभाळता येत नाही, अंगाचं तापमान नीट राखता येत नाही, आणि मळमळ थांबतेच असं नाही, फक्त तो सांगू शकत नाही. आपल्या गोळ्या तर मुळीच नाहीत. कुत्र्यांसाठी उलटीचं खास औषध आहे, मॅरोपिटंट, ते निघायच्या साधारण दोन तास आधी देतात, पण चिकूचं वजन आणि वय बघून ते डॉक्टरच ठरवतील.

आता तुझा खरा प्रॉब्लेम. पिल्लांना गाडी लागतेच, कानातला तोल सांभाळणारा भाग अजून तयार होत असतो, बरेच जण वर्षाचे झाले की आपोआप सुधारतात. पण चिकूच्या डोक्यात गाडी म्हणजे आधी उलटी आणि शेवटी इंजेक्शन असं पक्कं बसलंय. तू त्याला गाडीने डॉक्टर सोडून कुठेही नेलेलं नाहीयेस, बरोबर ना? मग तोही बरोबरच आहे.

असं कर, आजपासून त्याचं एक वेळचं जेवण गाडीत. गाडी पार्किंगमध्ये, इंजिन बंद, दोन्ही बाजूचे दरवाजे उघडे, वाडगा मागच्या सीटवर, उचलायचं नाही, तो स्वतः चढेल तेव्हा चढेल, पहिल्या दिवशी नुसते पुढचे दोन पाय वर ठेवले तरी शाबासकी. आमच्याकडे एक काळी कुत्री होती तिने ९ दिवस लावले, दहाव्या दिवशी मी दरवाजा उघडायच्या आधी तीच जाऊन उभी. मग इंजिन चालू करून जेवण. मग सोसायटीच्या आत एक चक्कर, इथून पुढे गाडी हलणार असेल तर पोटात जेवण नको. मग सेक्टरमधल्या मैदानापर्यंत, उतरून खेळ, परत घरी. हे सगळं करताना त्याच्या तोंडाकडे बघ. उलटीच्या आधी कुत्रा सांगतो, जीभ ओठांवरून फिरवायला लागतो, विनाकारण जांभया देतो, लाळेची तार लोंबते. ती तार दिसली की तिथेच थांबायचं, उतरवायचं, उद्या परत. "अजून दोनच मिनिटं" करून उलटी झाली की तुझे चार दिवस पाण्यात.

लांब निघताना आधीचे तीन-चार तास जेवण बंद, पाणी थोडं थोडं चालू. समोर बघत बसला तर कमी त्रास होतो, बाजूच्या खिडकीतून पळती झाडं बघून जास्त. काच दोन बोटं खाली. आणि गाडीतला तो सुगंधी डबा काढून टाक बाबा, मला माणसाला त्याच्याने मळमळतं.

नाशिकला जाताना पूर्वी कसाऱ्याची वळणं चुकत नसत. समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, त्यात इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे, त्यामुळे घाट जवळजवळ टळतो. खारघरहून तुला वळसा पडेल थोडा पण चिकूसाठी तो रस्ता बरा. फक्त तिथे स्पीड लिमिट १२० आहे म्हणून १२० नेच जायचं असा नियम नाही. बबलीच्या उत्तरातला मजल्यांचा हिशोब वाच.

वाशीला मॉलमध्ये १५-२० मिनिटांचं काम असतं. सावलीत गाडी लावून काच थोडी उघडी ठेवून कुत्रा आत ठेवला तर काय होतं? घरी एकटा ठेवला तर शेजारी तक्रार करतात.
*वाशी*

तुम्ही लाइनीत उभे असता तेव्हा तो मरू शकतो, हे होतं. स्पष्ट लिहिल्याबद्दल माफ करा, पण ह्याच प्रश्नाचे ह्या महिन्यात ६ मेल आहेत.

बाहेर ३० डिग्री असताना बंद गाडीत १० मिनिटांत ४० होतं आणि अर्ध्या तासात ४८ च्या आसपास जातं. काच दोन बोटं उघडी ठेवून त्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही, आणि सावली सरकते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजांच्या तळव्यांना थोडासा येतो तेवढाच, बाकी सगळी मदार धापा टाकण्यावर. जिभेवरची ओल सुकली की थंडावा मिळतो, आणि आपल्या हवेत, तुम्ही कपडे वाळत घालता तेव्हा बघता ना, काही सुकत नाही. त्यामुळे ३० डिग्री वाशीतले वेगळे आणि पुण्यातले वेगळे. पग, बुलडॉग, शिह त्झू ह्या चपट्या नाकवाल्यांना तर धापही नीट टाकता येत नाही.

कुत्र्याचं नॉर्मल तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, १०५ च्या पुढे गेलं की आतले अवयव निकामी व्हायला लागतात. जोरजोरात धाप, घट्ट चिकट लाळ, लालभडक हिरड्या, चालताना झोकांड्या, अशी लक्षणं दिसली तर आधी जागेवरच थंड करा आणि मग डॉक्टरकडे पळा. साधं नळाचं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओतत राहायचं आणि पंखा किंवा एसीचा वारा द्यायचा. ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवू नका, तो टॉवेल दोन मिनिटांत गरम होऊन उलट गोधडीचं काम करतो. पाणी जबरदस्तीने तोंडात ओतायचं नाही. नंतर बरा वाटला तरी डॉक्टरांना दाखवायचंच, त्रास दुसऱ्या दिवशीही वर येऊ शकतो.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहितीये, एसी चालू ठेवून गेलो तर? हे मी केलंय, आणि मीच केलंय. एक्स्प्रेसवेच्या एका फूड मॉलवर, ऑक्टोबरच्या भर दुपारी, आमची गुंडी आत, इंजिन चालू, किल्ली आत, मी दरवाजा लावून गाडीच्याच बाजूला उभी, नवरा चहा आणायला गेलेला. गुंडीने ड्रायव्हरच्या दारावर पंजे टेकवले आणि खट्ट. सेंट्रल लॉक. दुसरी किल्ली ठाण्याला, टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये. आजूबाजूला वीस माणसं जमली, प्रत्येकाकडे एक सल्ला, एकाच्या हातात दगड पण होता. शेवटी एका बाईंनी तिच्या मुलाच्या हातातला वडापाव काढून घेतला आणि काचेला लावून हलवायला सुरुवात केली, गुंडी नाक लावायला परत दारावर चढली, पंजा काचेच्या बटणावर पडला आणि काच चार इंच खाली आली. इंजिन त्या वेळात बंद पडलं असतं तर काय, हा विचार मला अजून रात्री येतो. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, एक जण आत जातो आणि एक जण कुत्र्याबरोबर गाडीत बसतो किंवा बाहेर सावलीत, आणि एकटी असेन तर थांबतच नाही. मागच्या काचांचं लॉक आणि चाइल्ड लॉक पण तेव्हापासून कायम चालू.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर तो वेगळा लेख आहे, लिहीन.

कुत्र्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलेलं खूप गोड दिसतं, त्याला आवडतं पण. का नको?
*कळवा*

गोड दिसतं. डोळ्यात खडी गेली की दिसत नाही. मुंब्रा बायपासवर डंपरच्या मागून एकदा जाऊन बघा तुमचंच डोकं बाहेर काढून.

गणपतीला आम्ही चिपळूणजवळ गावी जातो, पहाटे निघून कधी १० तास कधी १२. ह्या वर्षी पहिल्यांदाच वाघ्याला नेतोय, ३ वर्षांचा इंडी, १८ किलो. गाडीत शांत असतो. काय काय घेऊ आणि कशाची काळजी घेऊ? आई म्हणते त्याला गावात मोकळा सोडू, कुत्रा आहे तो.
*वर्तकनगर*

आईंना सांगा वर्तकनगरचा कुत्रा आहे तो, गावचा नाही. गावातले कुत्रे आपापल्या हद्दी सांभाळून असतात, ह्याला त्या माहीत नाहीत, आणि फटाका वाजला की कुठल्या दिशेला घर हेही माहीत नाही. लांब दोरी, गळ्यात बिल्ला, बिल्ल्यावर तुमच्या सोबत असणाऱ्या मोबाईलचा नंबर, ठाण्याच्या लँडलाइनचा नाही. मायक्रोचिप असेल तर चांगलंच, पण चिप वाचायला मशीन लागतं आणि गावात बिल्ला वाचायला डोळे पुरतात.

दर दोन तासांनी थांबा. आणि ही एक गोष्ट सगळ्यांना पाठ करायला लावा: आधी लीश, म्हणजे धरायचा पट्टा, हातात, मग दरवाजा. माणगावजवळ थांबलेल्या एका फॅमिलीचा बीगल दरवाजा उघडल्या उघडल्या सुटला, आमच्याकडेच बोर्डिंगला यायचा तो, तीन तासांनी एका उसाच्या रसवाल्याच्या गाड्याखाली सापडला, मागून महामार्ग धावतोय आणि हा खाली चोथा चघळत बसलाय. नशीब चांगलं. गाडीत शांत असलेला कुत्रा गाडीबाहेर शांत असेलच असं नाही.

कशेडीला आता बोगदा झालाय त्यामुळे घाटाचं तेवढं टेन्शन नाही, बाकी खड्डे तुमचे तुम्हाला माहीत आहेत, पोटभर खाऊ घालून निघू नका. स्टीलचा वाडगा आणि घरचं पाणी घ्या, नवीन पाण्याने बऱ्याच कुत्र्यांचं पोट बिघडतं. हॉटेलवर सगळेच जण प्रेमाने काहीतरी टाकतात, तिथे लक्ष ठेवा. कांदाभजी नको, कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. घरी प्रसादाला पंचखाद्य असेल तर त्यात बेदाणे असतात, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी घालवू शकतात, किती खाल्ले की होतं ते आधी सांगता येत नाही म्हणून एकही नाही. नारळाचा तुकडा चालेल. येताना कोणी एक्स्प्रेसवेने येत असेल तर लोणावळ्याचं चॉकलेट फज पण वरच्या बॅगेत, खाली सीटवर नाही.

निघायच्या आधी लशींची वही काढून बघा, रेबीज आणि लेप्टोची लस वेळेत आहे ना. पावसात लेप्टो उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात येतो आणि माणसालाही होतो, तेव्हा डबक्यातलं पाणी पिऊ द्यायचं नाही. वहीचा फोटो मोबाईलमध्ये. गोचिडीचं औषध आधी लावून घ्या आणि रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या मधे, काखेत हात फिरवून बघा, गवतातून आलं की गोचीड असतेच. चिपळुणातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा नंबर निघायच्या आधी मिळवा, आरतीच्या वेळी शोधत बसू नका. आणि आरतीच्या वेळी वाघ्या आतल्या खोलीत, दार बंद, पंखा चालू, तुमचा वापरलेला टीशर्ट अंथरून. वाघ्या हे नाव खंडोबाच्या भक्तांचं असलं तरी.

ताई, आमच्याकडे गाडीच नाही. ठाणे स्टेशनजवळून पाचपाखाडीला डॉक्टरकडे रिक्षाने नेतो. त्यात काय हार्नेस लावणार?
*एक कॉलेजकुमार, ठाणे पश्चिम*

तुझा मेल सगळ्यात आवडला. रिक्षात सीटबेल्ट नाही, दार नाही, म्हणून तुलाच दार व्हायचंय. दोघं जण जा, दोन्ही कडेला एकेक, कुत्रा मधे खाली पायाशी, सीटवर नाही. हार्नेस इथेही, कारण गळपट्टा मागे ओढला की डोक्यातून निघतो, डॉक्टरकडे जाताना तर हमखास. लीशची मूठ नुसती मनगटात अडकवू नको, एक वेढा घेऊन मुठीत धर आणि मोकळा भाग हातभरच ठेव. एकटाच असशील तर जिथून फूटपाथला उतरतात त्या बाजूला तू आणि कुत्रा आतल्या बाजूला तुझ्या पायात अडकवून. एक जुनी चादर सोबत ने आणि रिक्षावाल्यासमोरच खाली अंथर, न विचारता अंथर, मी बघितलंय की चादर दिसली की "केस पडतील" वाले निम्मे काका गप्प होतात. उरलेल्यांना १० रुपये जास्त. तीन हात नाक्याला सिग्नल मोठा आहे, तिथे बाजूच्या रिक्षातून कोणीतरी "चावतो का?" विचारणारच, तेव्हा कुत्रा त्या बाजूला उठतो, पाय तिथे आधीच आडवा टाकून ठेव.